काळजी आणि काजळी

दिवाळी जवळ आली की संपादकांचा निरोप येतो, "या वेळी काहीतरी खुसखुशीत द्या." वर्षभर या सदरात मी शुद्धलेखनापासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत वाटेल त्या विषयावर लिहितो आणि वाचक ते गोड मानून घेतात. पण या वर्षी माझ्यापाशी खुसखुशीत असे काहीच नाही. आहे ती काजळी, आणि तीही एका फटफटीच्या पोटातली. ऐन फराळाच्या दिवसांत ताटात काजळी वाढतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ती काढता काढता माझे हात काळे झाले, आणि हातांपेक्षा तोंड अधिक काळे झाले. ही हकीकत कुणाला तरी सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची, २०२४ च्या पावसाळ्यानंतरची. माझा पुतण्या चिंचवडला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, २०१८ साली हृदयविकाराने अचानक गेले. तेव्हापासून वहिनी आणि तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मुलगा गुणी आहे, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. पण गुणी मुलाच्या कुंडलीतही एखादा वक्री ग्रह असतोच. याच्या कुंडलीतला ग्रह दोन चाकांचा निघाला. पगारातून शिल्लक टाकून त्याने मातीतून उड्या मारणारी एक जुनी, परदेशी बनावटीची, अडीचशे सीसीची फटफटी विकत घेतली. अशा गाडीला डर्ट बाइक म्हणतात. हिला दिवा नाही, आरसा नाही, नंबराची पाटी नाही. त्यामुळे रस्त्यावरून चालवायची सोय नाही. दर रविवारी तिला टेंपोत घालून सासवडच्या बाजूला एका खासगी माळावर न्यायचे, मातीच्या उंचवट्यांवरून उडवायचे, आणि दुपारी चिखलाने माखलेली ती गाडी पुन्हा टेंपोत घालून घरी आणायची. फटफटी माणसाला वाहते अशी माझी इतके दिवस समजूत होती.

वहिनींचा या खरेदीला सक्त विरोध होता. त्यांनी शेवटी होकार दिला तो माझ्या शब्दावर, आणि दोन अटींवर. "सावकाश चालवायची, ही एक. आणि भाऊजी, तुम्ही लक्ष ठेवायचं, ही दुसरी."

मी मराठीचा प्राध्यापक. फटफटीवर लक्ष ठेवायचे म्हणजे काय करायचे, हे मला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवलेले नव्हते. पण टू-स्ट्रोक इंजिनाची एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, ती म्हणजे तेल. या जातीच्या इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळायचे. ते पेट्रोलबरोबर आत जाते, वंगणाचे काम करते आणि जळून धुराबरोबर बाहेर पडते. तेल कमी पडले तर पिस्टन आतल्या आत जाम होतो.

हा जाम होण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. १९९२ साल असेल. मी बारा वर्षांचा, दादा विशीतला. वडिलांची स्कूटर घेऊन आम्ही कात्रजचा घाट चढत होतो. एकाएकी मागचे चाक किंचाळले आणि स्कूटर फरफटत निघाली. दादाने क्लच दाबला म्हणून आम्ही वाचलो. नंतर तासभर कठड्यावर बसून इंजिन निवायची वाट पाहिली. दादा काही बोलला नाही, पण त्याचे हात थरथरत होते हे मी पाहिले होते. त्या दिवसापासून दादाने एक नेम धरला. पेट्रोल पंपावर नेहमीचे तेल घालून झाले की घरून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या मापाने तो आणखी थोडे तेल पदरचे घाली आणि म्हणे, "असू दे. तेलाने कुणाचं वाईट होत नाही."

ते माप अजून माझ्या कपाटात आहे.

तर, ऑक्टोबरच्या सुमाराला पुतण्याच्या गाडीला एक चमत्कारिक दुखणे जडले. हळू चालवली तर ती शहाण्या मुलासारखी चाले. चढ चढे, वळण घेई, कुरकुर नाही. पण हाताची मूठ पूर्ण पिळली की आवाज एका पट्टीपर्यंत चढे आणि तिथेच घुटमळे. मध्य सप्तकातून तार सप्तकात जाईच ना. उंचवट्यावरून झेप घ्यायच्या वेळी अंगात बळ नाही म्हटल्यावर ती उडी नसून पडणेच होते. दोनदा तो तसा पडलाही. चिलखत अंगावर होते म्हणून खरचटण्यावर निभावले.

वहिनींना मात्र समाधान वाटले. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "तुला नाही, पण गाडीला तरी अक्कल आली."

दिवाळीनंतर एक स्पर्धा होती. पुतण्याने तिचे शुल्क भरलेले होते. तो रोज रात्री कामावरून आला की पार्किंगमध्ये गाडी उघडून बसे. त्याने नवा प्लग आणला. कार्ब्युरेटरचे जेट दोन वेळा बदलले, मग सुई एक खाच वर केली, मग पुन्हा खाली केली. हवेचा स्पंज धुतला, सायलेन्सरमधले पॅकिंग बदलले. सहा-सात हजार रुपये गेले आणि आवाज होता त्याच पट्टीवर राहिला. परीक्षेच्या पेपरांत मी हा प्रकार नेहमी पाहतो. विद्यार्थी प्रश्न नीट वाचत नाही, पण पुरवण्या मात्र एकामागून एक जोडत जातो.

शेवटी नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. गाडी घेतली तेव्हा त्यांनीच ती तपासून कार्ब्युरेटर लावून दिला होता. साठी ओलांडलेला माणूस. सगळी हयात टू-स्ट्रोकच्या धुरात गेलेली. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी पुतण्यालाच प्रश्न विचारले.

"खाली चालते, वर मरते. बरोबर?"

"बरोबर."

"कार्ब्युरेटर किती वेळा खोललात?"

"चार वेळा."

"म्हणजे दुखतोय गुडघा आणि तुम्ही चष्मा बदलताय." मिस्त्री हसले. "अहो, हिचा वरचा दरवाजा उघडत नाही."

आता हा वरचा दरवाजा कोणता, ते वाचकांना सांगितले पाहिजे. मलाही ते त्याच दिवशी कळले. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन वरखाली होताना त्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. एकीतून ताजी हवा आणि पेट्रोल आत येते, दुसरीतून जळका धूर बाहेर जातो. अडचण आहे ती धुराच्या खिडकीची. ती उंच ठेवली तर पिस्टन खाली येताना लवकर उघडते. जोरात पळणाऱ्या इंजिनाला तेच हवे असते, कारण त्याला धूर बाहेर टाकायला वेळ थोडा मिळतो. पण हळू चालताना त्याच उंच खिडकीतून दाब फुकट निसटतो आणि गाडीत ओढ राहत नाही. खिडकी बुटकी ठेवली तर सगळे उलटे. हळू चालताना ओढ उत्तम, पण वेग वाढला की जीव गुदमरतो. म्हणजे घरात सासू किंवा सून, दोघींपैकी एकच खूश.

आमच्या जुन्या वाड्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. थोरल्या दरवाजात एक छोटी दिंडी असे. रोजच्या जाण्यायेण्याला दिंडी पुरे. लग्नाची वरात आली की थोरला दरवाजा उघडायचा. पॉवर व्हॉल्व्ह म्हणतात तो हाच प्रकार. धुराच्या खिडकीच्या वरच्या कडेला एक फिरते झडप बसवलेले असते. इंजिन हळू चालते तोवर ते खिडकीचा वरचा भाग झाकून ठेवते. वेग वाढला की ते फिरून वर सरकते आणि खिडकी पूर्ण उंचीची होते. यामाहाने १९७७ साली शर्यतीच्या पाचशे सीसी गाडीवर ही युक्ती करून पाहिली, आणि १९७८ साली केनी रॉबर्ट्‌स या अमेरिकन स्वाराने यामाहाच्याच गाडीवर जगज्जेतेपद मिळवले. पुढे होंडा, कावासाकी, ऑस्ट्रियातली रोटॅक्स अशा एकेकाने हाच हेतू धरून आपापली यंत्रणा केली. रीत प्रत्येकाची निराळी, नाव निराळे. १९८० नंतरच्या दशकात मातीतल्या गाड्यांवरही ती आली. आपल्याकडच्या चेतक स्कूटरला, येझदीला किंवा आरएक्स हंड्रेडला मात्र असले काही नव्हते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. माझ्या लक्षात ते फार उशिरा आले.

हे झडप फिरवतो कोण? पुतण्याच्या गाडीत ते काम गव्हर्नरकडे आहे. इंजिनाबरोबर फिरणारी एक तबकडी आणि तिच्यावर पोलादाच्या गोळ्या. जत्रेतले चक्र वेगाने फिरू लागले की वर बसलेली पोरे बाहेर फेकली जातात, तशा त्या गोळ्या वेग वाढला की बाहेर सरकतात, एका स्प्रिंगला दाबतात, आणि त्या हालचालीने एक दांडी झडप फिरवते. वेग उतरला की स्प्रिंग सगळे जागच्या जागी आणते.

मिस्त्रींनी सिलिंडरच्या डाव्या बाजूचे एक छोटे झाकण काढले. आत झडपाच्या आसाचे टोक दिसत होते. "आता मूठ पिळा आणि याच्याकडे बघा. हे फिरलं पाहिजे." पुतण्याने गाडी सुरू केली, मूठ पिळली. इमारत दणाणली, सोसायटीचे सेक्रेटरी पायजम्यावर खाली आले, चिमण्या उडाल्या. जागचे हलले नाही ते फक्त आसाचे टोक.

"म्हणजे गव्हर्नर गेला," पुतण्या म्हणाला. "नवा मागवावा लागेल. स्पर्धेच्या आत काही येत नाही."

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "नोकर कामावर आला नाही, की दरवाजालाच कुलूप आहे, हे आधी बघू."

त्यांनी उजव्या बाजूला गव्हर्नरची दांडी आणि झडप यांना जोडणारा बोल्ट काढला. दोघांचा संबंध तुटला. मग गाडी पुन्हा सुरू करून क्षणभर मूठ पिळायला लावली. सुटी झालेली दांडी झोकात पुढे गेली आणि झोकात मागे आली. गव्हर्नर निर्दोष. गाडी बंद करून, निवल्यावर त्यांनी झडपाचा आस बोटांनी फिरवून पाहिला. एरवी तो दोन बोटांनी फिरतो. तो ढिम्म. मी नुसता पाहत होतो, पण मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. पंचवीस वर्षे मी पोरांना सांगतो आहे, लांबलचक वाक्य कळेना झाले की ते मधोमध तोडा आणि कुठला भाग बिघडला आहे ते पाहा. या माणसाने एक बोल्ट काढून तेच केले, आणि पाच मिनिटांत निम्मे इंजिन संशयातून मुक्त केले.

मग गाडी उघडणे आले. रेडिएटरमधले पाणी सोडले, धुराचा नळकांडा काढला, हेड उतरवले, सिलिंडर उचलला. झडप जागेवर असे बसले होते, की जणू ओतलेच आहे. त्यावर कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा मारून वाट पाहिली, हलकेच हलवले, पुन्हा फवारा मारला. तासाभराने ते निघाले. निघाले ते डांबरात बुडवून काढल्यासारखे. काळी, चिकट, जाड काजळी.

मिस्त्रींनी ती बोटाच्या चिमटीत चोळली. "ही ओली आहे. तेल जास्त पडतंय."

"शक्य नाही," पुतण्या म्हणाला. "बत्तीसाला एक. पाच लिटर पेट्रोलला एकशेछप्पन मिलिलिटर. मी स्वतः मोजतो."

त्याने आपली खुणांची बाटली आणून दाखवली. माप अचूक होते. मिस्त्रींनी मान हलवली. "मग मला कळत नाही. पण तेल जास्त आहे."

"तेल नाही, तुमचा कार्ब्युरेटर जास्त आहे," पुतण्याचा आवाज चढला. "गाडी घेतली तेव्हा तुम्हीच लावून दिला होता. तेव्हाच चुकीचा लागला असणार. माझे सात हजार गेले, स्पर्धा गेली, वर दोनदा आपटलो!"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले, पाने गोळा करून पिशवीत भरले. "साफ करून ठेवा. बसवायला दुसरा कुणी बोलवा," एवढे म्हणाले, आणि मजुरी न घेता गेले.

मी तिथेच उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता सांगतो. दर शनिवारी रात्री पुतण्या पाच लिटरच्या डब्यात पेट्रोल आणि तेल मोजून मिसळून ठेवी आणि झोपायला जाई. त्यानंतर मी, मराठीचा प्राध्यापक, मोबाइलचा दिवा धरून पार्किंगमध्ये उतरत असे, आणि दादाच्या मापाने शंभर मिलिलिटर तेल त्या डब्यात पदरचे घालीत असे. तेही कोपऱ्यावरच्या दुकानातले, स्कूटरचे साधे तेल. वहिनींनी लक्ष ठेवायला सांगितले होते. मी ते असे ठेवत होतो. कात्रजच्या कठड्यावरचे ते थरथरते हात मला आठवत. दादा नाही, तर दादाचे माप तरी मुलाच्या पाठीशी असावे, असे वाटे. उगाच खोटे कशाला बोलू, माप ओतून झाले की मला गाढ झोप लागे.

त्या रात्री लागली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मी हिशोब केला. एकशेछप्पनमध्ये शंभर मिळवले की बत्तीसाला एक हे प्रमाण विसाला एकापर्यंत येते. स्कूटरला ते सोसले असते. फार तर धूर अधिक आला असता, प्लग वरचेवर काळा पडला असता, सायलेन्सर साफ करून घ्यावा लागला असता. तिला मुळी वरचा दरवाजाच नव्हता, तर अडकणार काय? पण या गाडीचे तेच मर्म होते. न जळलेले तेल धुराच्या वाटेवर, नेमके त्या झडपावर साचत गेले. आणि वहिनींची अट पाळून मुलगा आठवडेच्या आठवडे सावकाश चालवत होता, त्यामुळे ते जाळून टाकण्याइतकी आच तिथे कधी पोचली नाही. शिवाय झडप उघडण्याची वेळच क्वचित येई. जो दरवाजा उघडत नाही त्याचीच बिजागरी धरते. मी तेल घातले, वहिनींनी वेगाला आवर घातला. दोघांनी मिळून पोराची गाडी बंद पाडली, आणि शिक्षा झाली ती मिस्त्रींना.

व्याकरणात वर्णविपर्यय म्हणून एक प्रकार आहे. शब्दातले दोन वर्ण जागा बदलतात. नुकसानचे नुसकान होते, लखनौचे नखलौ होते. वर्गात ही उदाहरणे मी हजार वेळा दिली असतील. त्या रात्री मला एक नवे सापडले. काळजी या शब्दातली शेवटची दोन अक्षरे आपली व्यंजने बदलतात आणि काजळी होते. व्युत्पत्तीने दोघींचे काही नाते नाही. एक काळजातली, दुसरी काजळातली. पण माझ्या घरी पहिलीची दुसरी झाली होती, आणि ती मीच केली होती.

सकाळी चहासुद्धा न घेता नाना पेठ गाठली. मिस्त्री दुकानाची फळी उघडत होते. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. सांगताना प्राध्यापकी भाषा कुठे गेली कोण जाणे. "मी घातलं, चोरून घातलं, आणि काल गप्प बसलो" एवढीच तीन वाक्ये जमली.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, तेल घालणारा माणूस वाईट नसतो. पण दुसऱ्याच्या डब्यात घालायचं तर त्याला सांगून घालावं." थोडे थांबून पुढे म्हणाले, "आणि काल बोलला असता, तर मी रात्री जेवलो असतो."

पहिले वाक्य मी लोकांना सांगत असतो. दुसरे वाक्य आज प्रथमच सांगतो आहे.

पुतण्याला सांगणे त्याहून अवघड होते. तो बराच वेळ गप्प होता. रागावेल, ओरडेल असे वाटले होते. त्याने विचारले ते निराळेच. "बाबांचं माप होतं ना ते? दाखवा." मी कपाटातून आणून त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, बुडाशी दादाने खिळ्याने ओढलेली रेघ बोटाने चाचपली. मग शर्ट चढवला आणि एकटाच नाना पेठेत गेला. दोघांत काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. येताना मिस्त्री त्याच्या बरोबर होते.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे काजळी काढत बसलो. रॉकेल हल्ली शहरात दिसत नाही, म्हणून डिझेलमध्ये झडप भिजत घातले. मिस्त्रींची शिस्त कडक. लोखंडी पात्याने खरवडायचे नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही. धातू झिजला तर झडप जागेत सैल होते आणि मग ते कायमचे खुळखुळते. सिलिंडरच्या आतल्या कठीण मुलाम्यावर तर ओरखडाही चालत नाही. लाकडाची काडी, मऊ ब्रश आणि धीर, एवढीच हत्यारे. मला ब्रश मिळाला. बसवताना खुणेला खूण जुळवली, गॅसकेट नवी घातली, बोल्ट मोजून आवळले. आणि सगळ्यात महत्त्वाचे, झडप कुठल्याही स्थितीत पिस्टनच्या आड येत नाही ना, हे इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहिले. तिथे चूक झाली तर साफसफाईची नव्हे, नव्या इंजिनाची गोष्ट. शेवटी मिस्त्रींनी मला बोलावले. "सर, फिरवा." मी दोन बोटांनी आस फिरवला. तो लोण्यासारखा फिरला आणि सोडताच मागे आला.

उरली होती वहिनींची अट. झडप मोकळे ठेवायचे तर गाडीला अधूनमधून पूर्ण वेग दिला पाहिजे, हे त्यांना सांगायचे कुणी? अर्थात मीच. दिंडी आणि थोरला दरवाजा हे सगळे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांचे माहेर वाड्यातले. त्यांना मला लागला त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी हळू म्हणत होते, म्हणून ती आतून चोंदत होती?"

"थोडी माझ्यामुळे, थोडी तुमच्यामुळे."

त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी टेंपोत पुढे बसल्या. माळाच्या कडेला, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही दोघे उभे राहिलो. पुतण्या चिलखत, शिरस्त्राण चढवून गाडीवर बसला. पहिले दोन फेरे त्याने इंजिन तापायला हळू मारले. तिसऱ्याला सरळ वाटेवर मूठ पिळली. आवाज त्या जुन्या पट्टीपर्यंत चढला, आणि मग एकदम निराळाच सूर लागला, उंच, मोकळा, जणू एखादी गायिका इतका वेळ घसा धरून गात होती. गाडी उंचवट्यावरून उडाली. वहिनींनी माझे मनगट इतके घट्ट धरले की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. पण दुसऱ्या उडीला त्यांनी ते उघडे ठेवले.

स्पर्धेत तो सातवा आला. बक्षीस पहिल्या तिघांना. मिस्त्रींना मात्र त्याने पेढे नेऊन दिले.

दादाचे माप आता त्याच्या टेबलावर असते. त्यात तो पेन्सिली ठेवतो. शनिवारी डबा भरताना तो मला मुद्दाम हाक मारतो, खुणांची बाटली माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "काका, तुम्हीच ओता. एकशेछप्पन." मी ओततो. हात शेवटच्या रेघेपाशी अजून रेंगाळतो, हे कबूल करतो.

त्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी वहिनी अंगणात पणत्या मांडत होत्या आणि मी तेल घालत होतो. एका पणतीत वात बुडेल इतके तेल झाले. ती लावली, तर नुसती तडतडली, धुराची एक काळी रेघ सोडली आणि विझली. मी पुन्हा बुधला उचलला.

"काका," मागून आवाज आला, "माप."

वहिनी हसल्या, आणि त्यांनी बोटाने वात थोडी पुढे सारली.